मदनसिंगच्या वावरातली माती

चांदभाईचा बाप बैलांच्या खुरांना नाल मारायचा. मेडशीच्या बसथांब्यामागे, कडुनिंबाखाली बैल आडवा पाडायचा, चारी पाय दोरानं आवळायचे, खूर तासायचा आणि नाल ठोकायची. लहानगा चांद शिंगांवर दाब धरून बसायचा. खुरात अडकलेली माती बाप बोटानं काढायचा आणि कुणी न विचारता सांगायचा, हा बैल कुणाच्या वावरातला. चिबडाची, पाणथळ माती वेगळी, मुरमाडी वेगळी, नाल्याकाठची काळी वेगळी. लोक हसायचे, पण मानायचेही. मग बैल कमी झाले. बाप गेला. चांदभाईनं ट्रॅक्टर घेतला, मागं फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडला, आणि बाप ज्या वावरांना खुरांवरून ओळखायचा त्या वावरांत तो स्वतः शिरू लागला. मातीच्या बाबतीत त्या घराचा शब्द चालायचा. पुढं जे झालं ते त्या मानामुळंच झालं.

पहिल्या वर्षी त्यानं सुरुवात केली ती तांड्यावरच्या मदनसिंगच्या वावरात. मदनसिंगनं नारळ फोडला, चांदभाईनं बिस्मिल्ला म्हणून क्लच सोडला. त्या वर्षी मदनसिंगची तूर अशी आली की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसेना. मदनसिंगनं बियाणं आदिलाबादकडच्या सोयऱ्याकडून आणलं होतं. ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहिलं ते एवढंच, की चांदभाईची मशीन आधी तिथं शिरली होती.

दुसऱ्या वर्षी लोक म्हणू लागले, "आमच्याकडं यायचं तं मदनसिंगच्या वावरातून ये." तिसऱ्या वर्षी त्याची रीतच झाली. दर उन्हाळ्यात पहिला नंबर मदनसिंगचा. तिथून निघालेला रोटाव्हेटर धुवायचा नाही. पात्यांना चिकटलेली त्या वावरातली माती तशीच पुढच्या वावरात यायला हवी. बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, हळदीकुंकू घेऊन उभ्या राहायच्या. कुणी पात्यांमधलं एखादं ढेकूळ स्वतःच्या हातानं काढून वावराच्या चार कोपऱ्यांत चुरायचं. एकदा चांदभाईनं नाल्यावर थांबून पाती धुतली होती, तेव्हा किशन नावाचा तरणा शेतकरी त्याच्या अंगावर धावून आला होता. पाण्याची बादली त्यानं लाथेनं उडवली.

"अबे, बरकत धुऊन टाकली तू! आता काय कोरडी मशीन फिरवतं माझ्या वावरात?"

चांदभाई त्या दिवशी मदनसिंगच्या वावरात परत गेला, एक फेरा मारून माती घेऊन आला. त्यानंतर त्यानं पाती कधी धुतली नाहीत.

मग तुरी उबळू लागल्या. फुलोऱ्यात आलेलं झाड दोन दिवस मान टाकायचं, तिसऱ्या दिवशी पिवळं पडायचं, आठवड्यात उभ्या उभ्या वाळून जायचं. खोड सोललं की आत काळ्या रेघा दिसायच्या. पहिल्या साली किशनच्या वावरात पाच-पंचवीस झाडं गेली, पुढच्या साली पट्टेच्या पट्टे. मग शेजारच्यांची गेली, मग नाल्यापलीकडची. मदनसिंगची मात्र हिरवीगार उभी. लोकांनी त्यातून एकच अर्थ काढला, की त्याच्या मातीत काहीतरी आहे. ढेकळं आणखी मोठी नेली जाऊ लागली.

त्याच सुमारास सुकेशनी आली. ती मालेगाव तालुक्यातलीच, वनस्पतिशास्त्र शिकलेली, मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या कामावर लागलेली. तिच्याकडं बर्फाची पेटी होती, बारीक कात्र्या होत्या, पिशव्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या होत्या. ती तुरीचं झाड मुळासकट उपटायची, मुळाला चिकटलेली माती न झटकता तशीच पिशवीत भरायची. दर झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसायची.

चांदभाई हसला होता. "एवढं काय पुसता ताई? झाड तं झाड हाये, त्याले काय पथ्य?"

"एका झाडाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून, काका."

त्यानं मान हलवली होती आणि मागं उभ्या असलेल्या, दहा वावरांची माती ल्यालेल्या आपल्या रोटाव्हेटरकडं पाहिलंही नव्हतं.

तिच्याशी गावातलं कुणी धड बोलत नव्हतं. शहरातून येणारे लोक माती नेतात, परत काही आणत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांदभाई बोलला. तिनं विचारलं, कोणत्या साली मशीन कोणत्या वावरातून कोणत्या वावरात गेली, आठवतं का? त्याला सगळं आठवत होतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कोपर टेकवून त्यानं सात वर्षांचे नंबर तिला सांगितले, वावरागणिक, धुऱ्यागणिक. ती लिहीत होती आणि तो सांगत होता. बापासारखं आपल्यालाही माती पाठ आहे, हे कुणीतरी वहीत उतरवून घेत होतं, याचं त्याला मनातून फार बरं वाटलं. घरी जाऊन त्यानं बायकोला, सकीनाला, सांगितलंही.

सकीना भाकरी थापत होती. "उसने पूछा, और तुमने सब बता दिया?"

"चांगली पोरगी हाये."

"अच्छी होगी. लिखते वक़्त तो सब अच्छे ही लगते हैं."

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, सुकेशनी निष्कर्ष सांगायला आली. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. गाव जमलं, तांडा जमला. चांदभाई इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसला.

तिनं समजावून सांगितलं. तूर मारते ती एक बुरशी. ती जमिनीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते. झाड तहानेनं मरतं. या बुरशीच्या अंगात तिचा सगळा मजकूर लिहिलेला असतो, पाच कोटींहून जास्त अक्षरांचा. तोच तिचा जनुकसंच. बुरशी वाढते तेव्हा त्या मजकुराची नक्कल होते, आणि नकलेत क्वचित एखादं अक्षर चुकतं. पुढच्या नकलेत ती चूक तशीच उतरते.

"म्हणजे परीक्षेतली कॉपी," किशन म्हणाला. "एकाचं चुकलं की मागच्या बाकावरच्या सगळ्यायचं तेच चुकते."

"अगदी तसंच. चुका पाहिल्या की कुणी कुणाचं पाहून लिहिलं ते कळतं."

चादरीवर शिवाराचा नकाशा आला. वावरांवर तांबडे ठिपके होते. मग ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा आल्या. सगळ्या रेषा फांद्यांसारख्या एका खोडाला जाऊन मिळत होत्या, आणि खोड होतं मदनसिंगच्या वावरात. त्याच्या आदिलाबादी वाणाला ही बुरशी मारू शकत नाही, ती म्हणाली. वाण हिरवं राहतं, पण बुरशी त्याच्या मुळांवर पोसली जाते आणि माती भरत जाते. तिथून ती पुढं गेली, मशागतीच्या यंत्रासोबत, यंत्राच्या क्रमानं.

तिनं यंत्राच्या मालकाचं नाव घेतलं नाही. त्या बाजूला रोटाव्हेटर एकच होता.

एक वावर मात्र नकाशावर निळं होतं. म्हाताऱ्या पुंजाजीचं. मशीन तिथंही गेली होती, बुरशीही गेली होती, पण तूर मेली नव्हती. पुंजाजी तुरीच्या तासांत, ओळींच्या मधे, अजून ज्वारी पेरायचा, म्हशीला कडबा लागतो म्हणून, आणि त्याबद्दल त्याची चेष्टा व्हायची. त्याच्या तुरीच्या मुळांभोवती असे जिवाणू आणि अशी एक दुसरी बुरशी सापडली होती, जी या मारक बुरशीला पसरू देत नव्हती. ज्वारीच्या मुळांतून जे पाझरतं त्याचा याच्याशी संबंध असावा. अजून खात्री नव्हती.

"म्हणजे दहा साल मले येडा म्हणत होते थे कोण?" पुंजाजीनं उभं राहून विचारलं. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. सगळे चांदभाईच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं पाहत होते.

त्यानंतर त्याला काम लागलं नाही. एप्रिल अर्धा गेला. एरवी त्याच्या दारात नंबरासाठी माणसं बसलेली असायची, ती फिरकेनात. तो चहाच्या टपरीवर गेला की बाकडं रिकामं होई. किशननं भर चौकात म्हटलं, "आपलं घर चालवाले याने दुसऱ्यायच्या वावरात मरण पेरलं. अन् वरून नंबर लावत होता, जसा काई कलेक्टरच." दुसरा एक जण म्हणाला, "ह्या लोकायले काय, आज इथं, उद्या कारंज्याले." हे लोक म्हणजे कोण, ते चांदभाईला समजलं. त्याच्या बापानं त्या माणसाच्या आज्याच्या बैलांना नाल मारली होती. तो तिथून उठून आला. 

काम गेलं त्यापेक्षा एक गोष्ट त्याला जास्त खात होती. बादली लाथाडणारा किशन, ढेकळं चुरणाऱ्या बाया, मदनसिंगच्या वावरातून ये म्हणणारं अख्खं शिवार. त्यांच्यातल्या एकालाही ते आठवत नव्हतं. कुणीतरी एकानं चारचौघांत म्हणावं, आम्हीच धुऊ नको म्हणालो होतो. एवढंच त्याला हवं होतं.

तो मदनसिंगकडं गेला. मदनसिंग बाजेवर बसला होता, सुनेनं पाणी आणलं. मदनसिंगनं ते चांदभाईपुढं ठेवू दिलं नाही, हातानंच मागं सारलं.

"मदनसिंगभाऊ, तुमाले तं मालूम हाये. लोकच माती मागे. तुमी एक डाव सांगा गावात."

"काय सांगू? माझी माती इखारी हाये म्हून?"

"थे म्या नाई म्हणलं, थे शहरातल्या तपासणीच्या मशीननं दाखवलं."

"कोणती मशीन? थे पोरगी सांगते अन् तू मानतं. माझी तूर पाह्य जाऊन. मेली का एक झाडबी?" मदनसिंग उठून उभा राहिला. सात-आठ वर्षं पोहरादेवीच्या यात्रेला जाणारे लोक त्याच्या वावरातली चिमूटभर माती फडक्यात बांधून नेत होते. "लोक माझ्या मातीले हात जोडत. तुयी मशीन घाण होती, चांद. मातीले नाव ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी सुकेशनी घरी आली तेव्हा चांदभाई बाहेर रोटाव्हेटरजवळ होता. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

"काका, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं."

"नाव घ्याची गरज नव्हती. तुमी माझ्याच तोंडातून सगळं काढलं अन् माझ्याच माथ्यावर मारलं. अन् तेबी अर्धं. लोक धुऊ देत नाई, हे सांगतलं होतं का नाई म्या तुमाले?"

"सांगितलं होतं. वहीत आहे."

"चादरीवर काहून नव्हतं?"

"बुरशीला कारण लागत नाही, काका. तिला फक्त रस्ता लागतो. आम्ही रस्ता शोधत होतो."

"तुमच्या बुरशीले नसंन लागत. मले लागते. थ्या वहीतलं वाचा सगळ्यायपुढं. मंगच माझ्या दारात या."

तिच्या चेहऱ्यावर राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. दोन वर्षं उन्हात मुळं उपटून काढलेलं काम, आणि गावात त्याचा उपयोग एका माणसाला दगड मारायला होत होता. "वाचते," ती म्हणाली. "पण त्यानं तुमचं भलं होईल असं समजू नका."

मे उजाडायच्या आधी सभा पुन्हा बसली. या वेळी काय करायचं ते सांगायला: तुरीत ज्वारी मिसळा, बियाण्याला मित्र बुरशीची भुकटी चोळा, यंत्र प्रत्येक वावरातून निघताना खरवडून धुवा. ते सांगून झाल्यावर सुकेशनीनं वही उघडली आणि वाचलं, "चांदभाई सांगतात, लोक रोटाव्हेटर धुवू देत नाहीत. मदनसिंग यांच्या शेतातली माती आपल्या शेतात यावी, असा त्यांचा आग्रह असतो."

समाजमंदिरात कुजबुज झाली. किशन उभा राहिला.

"हे सांगतलं कोणं? त्यानंच न? म्हणजे चोरही तोच अन् साक्षीदारही तोच. वा रे वा तुमचं शास्त्र!"

लोक हसले. चांदभाई उठला. त्यानं रांगेतल्या एकेकाकडं पाहिलं. "किशन, नाल्यावर बादली कोणं लाथाडली?" किशन चादरीकडं पाहत राहिला. "ललिताबाई, माझ्या पात्यातलं ढेकूळ पदरात कोणं नेलं?" ललिताबाईनं पदर सावरला आणि शेजारणीशी बोलू लागली. "मदनसिंगभाऊ?"

"मले ईचारू नको."

चांदभाईला पुढचं नाव सुचेना. तेव्हा मागून पुंजाजीचा आवाज आला.

"म्हणलं होतं. म्याबी म्हणलं होतं, धुऊ नको म्हून. काय लपवता रे लेकहो? किशन, तू तं बादली लाथाडल्यावर गावभर सांगत फिरला होता." मग त्यानं काठी चांदभाईकडं वळवली. "पण तू काहून आयकलं रे? तुया बाप खुरातली माती काढल्याबिगर नाल ठोकत नव्हता. तुले मालूम नव्हतं काय? तुले भाव भेटत होता. मदनसिंगची माती आणणारा चांदभाई! बाया हळदकुंकू लावत तुया लोखंडाले. गोड लागे तुले."

चांदभाईला हवं होतं ते वाक्य आलं होतं, पण त्याला हे दुसरं चिकटलेलं होतं. समाजमंदिरातल्या सगळ्या माना आता त्याच्याकडं वळल्या. नाही म्हणता आलं असतं. सुकेशनीच्या वहीत हे कुठंच नव्हतं.

"लागे," तो म्हणाला. "गोड लागे."

त्यानं खिशातून कागद काढला.

"यंदाचे नंबर सांगतो. ताईच्या नकाशावरून लावले. साफ वावर आधी, रोगी वावर मंग. दर वावरातून निघताना पाती खरवडाची, धुवाची. खरवडाले मालकानं सोता बसाचं, खुरपं घेऊन. माझ्यासंगं. जो बसणार नाई त्याच्या वावरात मी येणार नाई."

"अन् पहिला नंबर?" मदनसिंगनं विचारलं. सवयीनंच विचारलं असावं.

"पहिला पुंजाजीचा, तिथं बुरशी दबलेली हाये. तुमचा शेवटचा, मदनसिंगभाऊ."

मदनसिंग हळूच उठला. इतक्या वर्षांत त्याला कुणी कशातच शेवटचा म्हटलं नव्हतं. "माझ्या वावरात नारळ फोडून तू धंद्याले लागला. आता मले शेवटी बशीवतं?"

"माती पसरू नये म्हून."

"मंग तांड्यावर पाय ठेवू नको. माझ्याच नाई, कोणाच्याच वावरात नाई." तो निघाला. त्याच्या मागं तांड्यावरची माणसं उठली, बाया उठल्या, पोरं उठली. दारात चपलांची गर्दी झाली. चांदभाईचं अर्धं शिवार त्या दारातून बाहेर पडत होतं, आणि तो कागद हातात धरून ते पाहत होता.

किशननं खुर्ची मागं सारली. "आमचं कितवं?"

"मदनसिंगच्या आधी. खालून दुसरं."

"मी रिसोडहून मशीन आणतो. तुया खरवडाखरवडीपायी माझं वावर पडीक ठेवू का?"

"आण. पण धुऊन आण. ती कोणाकोणाच्या वावरातून येते, हे तुलेबी मालूम नाई अन् तिलेबी."

"तू मले शिकवू नको, चांद्या!" किशन गेला. त्याच्यासोबत आणखी काही गेले. सुकेशनी चादर काढू लागली.

शेवटी पाच-सहा जण उरले. त्यातले दोघं झोपलेले होते. चांदभाईनं बाकावर बसून कागद मांडीवर घेतला आणि तांड्यावरच्या नावांवर एकेक रेघ मारली. मग किशनच्या नावापाशी आला. तिथं पेन थांबलं. ते नाव त्यानं तसंच ठेवलं.

पुंजाजी काठी टेकत समोर येऊन उभा राहिला.

"सकाळी सहाले ये. ऊन चढल्यावर मी खुरपं हातात धरत नसतो."

"येतो."

"अन् धुवाचं पाणी तुयं तू आण. माझ्या हिरीत म्हशीपुरतं हाये. तुया लोखंडासाठी नाई."

चांदभाईनं पुंजाजीच्या नावापुढं ‘पाण्याची टाकी’ असं लिहिलं, कागद खिशात घातला आणि टँकरवाल्याकडं जायला निघाला.